खड्ड्यातला आवाज

बुद्धपौर्णिमेची खीर पातेल्याच्या तळाला लागायच्या आत टेंभुर्ण्यांच्या घरात दोन पक्ष पडले, आणि या घराच्या मानाने हा उशीरच म्हणायचा. एरवी सानगडीला सगळे जमले की चहाचं पाणी उकळेपर्यंतही कुणाला धीर धरवत नाही.

भांडणाचं मूळ फ्रिजवर, आंब्यांच्या टोपलीखाली दाबून ठेवलेलं होतं. एक छापील फॉर्म. युवा अभिनय प्रशिक्षण वर्ग, सहा महिने, निवासी, नागपूर. जागा वीस. निवड चाचणी रविवारी सकाळी अकरा वाजता, साकोलीच्या सभागृहात. मनालीने तो भरून ठेवला होता. पण मनाली सतरा वर्षांची, बारावीचा निकालही अजून यायचा होता, आणि फॉर्मच्या तळाशी पालकाच्या सहीची जी रेघ होती ती कोरी होती.

"म्या सांगतलं ना, सही होनार नाई," तिचा बाप जीवन म्हणाला. एकवीस वर्षं जवाहरनगरच्या फॅक्टरीत आणि तिथल्या क्वार्टरमध्ये काढलेला माणूस. बोलणं कमी, आणि एकदा बोलला की शिफ्ट सुटल्याशिवाय हलायचा नाही. "नर्सिंगचा फॉर्म भरला हाय. पोरगी नर्सिंगले जाईन."

"सही नको करू ना गा," त्याचे वडील परसराम म्हणाले. "पोट्टीले ऑडिशन त देऊ दे. निवड झाली त मंग पाहू."

"निवड झाली का मंग तुमी सगळे मिळून मलेच पाहाल."

त्यावर जीवनचा धाकटा भाऊ अश्विन हसला. हसला म्हणजे तो मनालीच्या बाजूचा, हे जीवनने लगेच ध्यानात ठेवलं. अश्विनचा साकोलीला मंडप-डेकोरेशनचा धंदा. लग्न असो की नाटक, खुर्च्या त्याच्याच लागत, त्यामुळे जगातला कुठलाही कार्यक्रम वाईट असू शकतो हे त्याला पटतच नसे. परसराम आणि अश्विन एकीकडे. जीवन, त्याची बायको हर्षा आणि आई मंगलाबाई दुसरीकडे. मनालीला मत नव्हतं, कारण खटला तिचाच होता.

जीवनला नाटकाचा राग होता आणि त्याने तो कधी लपवला नाही. परसराम चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की पिशवी घेऊन निघायचे, ते शिमग्याच्या सुमारास पुन्हा घरचे व्हायचे. रंगमंचापुढे खड्डा खणलेला असे. त्यात पुस्तक आणि बॅटरी घेऊन बसायचं आणि वरच्या नटांना रात्रभर वाक्यं पुरवायची. अधूनमधून सकाळी घरी यायचे, दुपारभर झोपायचे, संध्याकाळी परत बस. जीवनला चौथीत स्कॉलरशिपचं बक्षीस मिळालं तेव्हा बाप खड्ड्यात होता. जीवन टायफॉइडने पडला तेव्हाही बाप कुठल्याशा गावच्या खड्ड्यातच होता. "गावोगावच्या नटायले वाक्य सांगतलं, आपल्या पोराले एक वाक्य नाई सांगतलं," असं तो हर्षाला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाला होता. नंतरही वर्षातून एकदा म्हणायचाच.

आता त्याच खड्ड्याच्या वर आपली मुलगी उभी राहणार, हे त्याला सोसवत नव्हतं.

*

शनिवारी सकाळी तालीम झाली ती परसातल्या सीताफळाच्या झाडाखाली. परसराम खाली पाटावर, हातात वही. मनाली समोर उभी. नाटक होतं 'धान पिकलं, नातं करपलं'. त्यात धाकटी बहीण वाटणीच्या दिवशी भावाला बांधावर गाठते, तो उतारा. मनालीने असा काही हाणला की शेजारच्या रुखमिणीबाईंनी कुंपणापलीकडे पदर डोळ्यांना लावला आणि त्यांची शेळी तेवढ्या वेळात वालाचा वेल खाऊन गेली. घरात जीवनने टीव्हीचा आवाज वाढवला.

मंगलाबाई परसातल्याच चुलीशी कैऱ्या चिरत होत्या. त्यांचा पक्ष जीवनचा. नवरा चाळीस हिवाळे बाहेर असलेल्या बाईचा दुसरा कोणता असणार? पण उतारा ऐकताना त्यांच्या कानाला काहीतरी खटकलं. काय ते त्यांना लगेच सांगता आलं नाही. मग त्यांनी नवऱ्याला चुन्याची पुडी आणायला पिटाळलं आणि नातीला हाक मारली.

"मना, इकडं ये व. तो बांधावरचा मले म्हनून दाखव एकदा."

मनाली आली, पायांत अंतर घेऊन उभी राहिली, हात वर नेला. "दादा, या बांधावर तू मला पाठीवर घेऊन धावला होतास." आणि थांबली. तिची नजर उजवीकडे, खाली, रिकाम्या पाटाकडे गेली.

"मंग?" मंगलाबाई म्हणाल्या.

"मंग आबाजी सांगते."

"आबाजी चुना आनाले गेले."

"येऊ दे ना त्यायले."

मंगलाबाईंनी विळी आडवी केली. "तुले पाठ नाई?"

"पाठ कायले करा लागते, आजी?" पोरीने अगदी सरळ विचारलं. "आबाजी सांगते ना."

चार वर्षं मनालीने सानगडीच्या मंडईतल्या नाटकात काम केलं होतं. गावाने डोक्यावर घेतलं, तिच्या नावाने शिट्ट्या वाजल्या, आणि या पोरीला आजवर एक पानही पाठ नव्हतं. आबाजींच्या तोंडून पहिले दोन शब्द सुटले की ती पुढचे उचलायची, इतक्या सफाईने की घरातल्या कुणाला, खुद्द तिलाही, यात काही वेगळं आहे असं वाटलं नाही. मंगलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कैरीचा हात असल्यामुळे तो डोळ्यातही गेला.

परसराम चुना घेऊन आले ते थेट चौकशीतच सापडले.

"अजी, पोरीले पाठ काहून नाई करवलं तुमी?"

"पाठ?" परसराम जरा दुखावलेच. "पाठ करनारा नट आमी कंपनीत ठेवतच नव्हतो. पाठ करनारा एका शब्दाले अडला का तिथंच मरते. आयकनारा कधी अडत नाई. म्या तिले आयकाले शिकवलं."

"हर्षा, तो कागद आन व," मंगलाबाई म्हणाल्या.

हर्षाने टोपलीखालून फॉर्म काढला. आंब्याच्या चिकाचा एक डाग त्यावर पडला होता. तिने मोठ्याने वाचलं: "उमेदवाराने तीन मिनिटांचा, पाठ केलेला उतारा सादर करावा."

परसरामांनी चष्मा लावून ते वाक्य स्वतः दोनदा वाचलं. "म्हंजे तिथं प्रॉम्प्टर नसन?"

"नाई, मामाजी," हर्षा सासऱ्यांना म्हणाली.

"मंग नाटक होते कसं?" परसराम म्हणाले. ते खरोखरच विचारत होते.

*

दुपारभर पाठ करून पाहिलं. तिसरं वाक्य डोक्यात शिरलं की पहिलं बाहेर पडायचं. मनालीने भिंतीकडे तोंड करून म्हटलं, डोळे मिटून म्हटलं, वहीत पाच वेळा लिहून काढलं. चार वाजता ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

नळ कशासाठी सोडला ते हर्षाला कळलं. ती दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहिली. नर्सिंगचा फॉर्म भरला त्या दिवशी ही पोरगी ना रडली होती ना हसली होती. "बरं" म्हणाली आणि मोबाईल बघायला लागली होती. एखाद्या गोष्टीसाठी रडावं इतकी ती आपल्या मुलीला हवी आहे, हे हर्षाने आज पहिल्यांदा पाहिलं. तिला वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही. तिला स्वतःला असं काही हवं होऊन किती वर्षं झाली ते आठवेना. चार वाजून दहा मिनिटांनी हर्षाने नवऱ्याचा पक्ष सोडला. त्याला सांगायची घाई मात्र केली नाही.

मंगलाबाईही फुटल्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. "हारली त हारू दे," त्या म्हणाल्या, "पन अर्ध्या वाक्यावर? चार गावच्या लोकायसमोर? टेंभुर्ण्याची पोरगी तोंड उघडून उभी रायली म्हनून सांगतीन साकोलीभर."

त्यांनी मनालीला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घालायला घेतलं. बोटं केसांत फिरता फिरता त्या आपोआप बोलू लागल्या.

"तुह्या आबाजीची हे आदत जुनीच हाय. तुहा पप्पा लहान होता ना, तवा नाटक आटपून हे सकाळी येत. पोरगं गोधडीत निजून राये. हे आंगावरची शालबी न काढता त्याच्या कानापाशी बसत आन पुरं नाटक सांगत. पयल्या अंकापासून. राजाचा आवाज, रानीचा आवाज, सारं हळू हळू. मी चूल पेटवता पेटवता आयको. मंग हे निजत आन पोरगं उठून शाळेत जाये."

मनालीने मान वळवली. "पप्पाले माहीत आहे हे?"

"नाई."

"तू काहून नाई सांगतलं?"

मंगलाबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "मलेबी राग होता ना व. त्याचा राग कमी केला असता त मी एकटीच रागावलेली रायली असती."

संध्याकाळी अश्विन आला आणि त्याच्या चेहऱ्यावर बेत दिसत होता. सभागृहातल्या खुर्च्या त्याच्या. पडदे त्याचे. दोन्ही मोठे कूलर त्याचे. "कूलरपाशी एक मानूस बसवाच लागते, पानी टाकाले," तो म्हणाला. "तो मानूस बाबा. बाजूच्या पडद्यामागं. आवाज कूलरच्या घरघरीत कोनाले जात नाई, मनालीले बरोबर जाते."

"हे खोटं नाई होनार का, भाऊजी?" हर्षाने विचारलं.

तिने अश्विनला विचारलं होतं, पण लागलं परसरामांना. "प्रॉम्टिंग खोटं हाय?" ते म्हणाले. "म्या चाळीस वर्ष खोटं काम केलं?"

यावर हो म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून बेत ठरला.

*

रविवारी जीवन पेपर उघडून बसला. "मी येत नाई," त्याने जाहीर केलं. नको येऊ असं कुणीच म्हटलं नाही, या असंही कुणी म्हटलं नाही, सगळे भराभर चपला घालून निघाले. हर्षासुद्धा. मंगलाबाईसुद्धा. रात्रीपर्यंत आपल्याकडे तीन मतं होती हे जीवनला चांगलं आठवत होतं.

अश्विनच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत पुढे मंगलाबाई बसल्या. मागे खुर्च्यांच्या उतरंडी, एक कूलर, आणि त्यांच्या मधे परसराम, हर्षा आणि मनाली. परसराम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. खिशात बॅटरी होती.

"भर दिवसा बॅटरी कायले, मामाजी?"

"बॅटरीशिवाय मले वाचताच येत नाई," परसराम म्हणाले.

सभागृहात साठेक पोरंपोरी, त्यांच्या दुप्पट आईबाप. टेबलामागे निवड करायला नागपूरहून आलेल्या रिता मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, समोर थंड होत चाललेला चहा. सकाळपासून त्यांनी अकरा वेळा तोच मोबाईलवर फिरणारा विनोदी उतारा ऐकला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसत होता.

परसरामांनी पडद्यामागची जागा पाहिली आणि ती त्यांना मुळीच पटली नाही. खड्डा नाही. अश्विनने दिलेली खुर्ची त्यांनी बाजूला सारली आणि कूलरशेजारी सरळ जमिनीवर बसले. आवाज खालून गेला पाहिजे. नटाचा कान खालचा आवाज धरतो, वरचा सोडून देतो. कंपनीचा शेवटचा खड्डा सोडून नऊ वर्षं झाली होती, मधे गावच्या मंडईत नातीपुरतं सांगत तेवढंच. पण वही मांडीवर उघडली, बॅटरी लावली आणि हात जागच्या जागी बसले.

"सतरा नंबर. मनाली टेंभुर्णे."

कूलर दणदणत होता, म्हणून परसरामांनी आवाज चांगला चढवला. पोरीने पहिले शब्द उचलले आणि निघाली. दादा, या बांधावर तू मला पाठीवर घेऊन धावला होतास. आज त्याच बांधावर तू मोजणीदार उभा केलास. घे जमीन. घे घर. पण मला एक सांग. सभागृहातली कुजबुज थांबली. रिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. परसरामांना ते पडद्याच्या फटीतून दिसलं. प्रेक्षक धरला गेला, हे त्यांना नुसत्या शांततेवरून कळत असे.

आणि वीज गेली.

माईक बंद. पंखे बंद. दोन्ही कूलर एकदम गप्प. त्या शांततेत पडद्यामागून, चाळीस वर्षं कमावलेला, कूलरवर मात करायला पुरेपूर चढवलेला आवाज सभागृहभर घुमला:

"आई मेली तेव्हा तू कुणाच्या गळ्यात पडून रडला होतास! आता रड. हुंदका दे. दोन पावलं पुढं हो."

आणि मनाली, शिकवल्याप्रमाणे, रडली, हुंदका दिला आणि दोन पावलं पुढे झाली.

आधी एकजण हसला. मग सगळं सभागृह. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मंगलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. अश्विन बाहेर धावला. त्याचा जनरेटर लाखांदूरच्या एका लग्नात गेलेला होता, हे त्याला पायरीवर आठवलं.

"पडद्यामागे कोण आहे?" रिता मॅडमनी विचारलं.

पडदा हलला. परसराम बाहेर आले, हातात वही, बॅटरी अजून पेटलेली. "जय भीम, मॅडम," ते म्हणाले. "मी परसराम टेंभुर्णे. प्रॉम्प्टर." त्यांनी ते हुद्दा सांगावा तसं सांगितलं.

*

दारापाशी, सगळ्यांच्या मागे, जीवन उभा होता. घरात पेपर वाचून झाला होता, मग जुना पेपर वाचून झाला होता, मग त्याने मोटरसायकल काढली होती. मुलगी हरली तर घरी आणायला कुणीतरी शहाणं माणूस हवं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

लोक हसत होते. त्याला बापाची लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याहून विचित्र काहीतरी झालं होतं. वीज जायच्या आधी मनाली बोलत होती तेव्हा त्याचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य काय ते त्याला माहीत होतं. त्याच्या पुढचंही. हे नाटक त्याने आयुष्यात एकदाही पाहिलेलं नव्हतं. कालही त्याने टीव्ही मोठा करून ठेवला होता.

"बाळ, तुला हे पाठ नाही?" रिता मॅडम विचारत होत्या.

"नाही, मॅडम." मनालीचा आवाज एवढासा झाला होता. "मला वाटलं, असंच असते."

"असंच असते," मॅडम तिच्याच शब्दांत म्हणाल्या. हसू त्यांनी चहाच्या कपात लपवलं. "हा उतारा बाद. तो तुझा नव्हता, त्यांचा होता. पण आयत्या वेळी सुचेल ते करायची तीन मिनिटं प्रत्येकाला आहेत, ती तुलाही आहेत. घरातलं एक माणूस करून दाखव. आणि काका, तुम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तोंड बंद."

परसराम शेवटच्या रांगेत आले. शेजारी जीवन उभा आहे हे पाहून त्यांनी खुर्चीचं टोक तेवढं धरलं.

मनाली स्टेजवर एकटी. तिने सवयीने उजवीकडे खाली पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मागच्या रांगेत जाताना आबाजींनी गडबडीत खाली ठेवलेली बॅटरी मात्र तिथेच राहिली होती. तिने ती उचलली. मग ओढणी डोक्यावरून, कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून खाली बसली, जशी काही खड्ड्यात उतरली.

मंगलाबाईंच्या तोंडावरचा पदर खाली आला. "अगो माय," त्या हर्षाला म्हणाल्या, "बुढाच व."

अंगठा जिभेला लावून पान उलटलं गेलं. ओठ हलू लागले, आवाज न करता. वरचा नट रागावला तसे आबाजींचे डोळे मोठे झाले. राणी लाजली तशी आबाजींची मान तिरपी झाली. पुढच्या रांगेत हशा पिकला. कुणी नट अडला असावा, कारण आबाजींनी स्टेजच्या कडेवर थाप मारली, पुन्हा मारली, आणि शेवटी चिडून नटाची चप्पलच ओढली. मग रडायचा प्रसंग आला. वर नटी रडायच्या आधी खाली आबाजी रडले आणि ओल्या झालेल्या पानावर घाईने बाही फिरवली. टाळ्या पडल्या असाव्यात. आबाजींनी मान वर करून पाहिलं, त्या आपल्यासाठी नाहीत हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

गुडघ्यांवर हात देऊन ते खड्ड्यातून वर आले. चार पावलं चालले. कुणीतरी जमिनीवर निजलेलं होतं त्याच्या उशाशी बसले, शाल न काढता. वाकले. आणि आता पहिल्यांदा मनालीला आवाज फुटला, अगदी हळू, पण वीज नव्हती म्हणून मागपर्यंत पोचला.

"जीवन, पयला अंक बरं का बाळा. पडदा उघडते. रान हाय. रानात राजा एकटाच चालून रायला."

निजलेलं पोर कुशीवर वळलं असावं. आबाजी थांबले, गोधडी सारखी केली, आणि आवाज आणखी हळू करून पुन्हा सांगू लागले.

सभागृहात कुणी हसत नव्हतं. जीवनने वडिलांकडे पाहिलं नाही. समोरच पाहत तो म्हणाला, "हे खरं होय का, बाबा?"

"कोनतं?"

"मी निजलो असताना."

"तू जागा कवा रायत होता, मंग सांगू?" परसराम म्हणाले. "राजाचा पार्ट तुले लय आवडे. झोपेत हासे तू."

भरून आलं की जीवन रागावत असे. "उठवाचं ना मंग मले!"

"सकाळची शाळा रायत होती तुले," परसराम म्हणाले.

*

वीज आली तेव्हा सगळे दचकले. कूलर पुन्हा दणदणायला लागले. रिता मॅडमनी मनालीला टेबलापाशी बोलावलं, तसं सगळं कुटुंबच टेबलापाशी गेलं. या घरात एकाला बोलावलं तरी असंच होतं.

"घेते मी हिला," मॅडम म्हणाल्या. "दोन अटी आहेत. पहिल्या महिन्यात एक अख्खं नाटक पाठ करायचं, एक शब्द न चुकता. नाही झालं तर घरी."

"हो, मॅडम."

"दुसरी अट, त्या महिन्यात आजोबांनी भेटायला यायचं नाही. फोनसुद्धा नाही. मी ओळखते आता तो आवाज."

परसरामांनी मान डोलावली. शिक्षा आपल्याला झाली आहे आणि बक्षीसही आपल्यालाच मिळालं आहे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"पालक कोण?"

हर्षाने पर्समधून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. आंब्याच्या डागाशेजारी ती रेघ कोरीच होती. सगळ्यांनी जीवनकडे पाहिलं आणि मग, पाहिलंच नाही असं दाखवायला, इकडेतिकडे पाहिलं.

जीवनने पेन घेतलं. फॉर्म स्वतःकडे फिरवला. नर्सिंगचा फॉर्म, सहा महिने, नागपूर, पोरीशिवायचं क्वार्टर, सगळं त्याच्या कपाळावर दिसत होतं. तो तसाच राहिला. एक मिनिट झालं असेल. हर्षाने मनालीचा हात घट्ट धरला. रिता मॅडमनी पुढच्या मुलाला हातानेच थांबवलं.

जीवनच्या मागून, उजवीकडून, जरा खालून आवाज आला. चाळीस वर्षांची सवय. नट अडलेला परसरामांना बघवतच नसे.

"जीवन," ते हळूच म्हणाले, "सही कर. पुरं नाव. जीवन परसराम..."

"मले पाठ हाय, बाबा," जीवन म्हणाला, आणि त्याने सही केली.